‘जीव घाबरी ऱ्हायना’ ही तक्रार फाइलवर कशी उतरवायची: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी नोंदलेखन

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला होते. जळगाव जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात स्त्री वैद्यकीय विभागात रात्रपाळी लागली होती. पहाटे चारच्या आसपास खिडकीजवळच्या बेडवरच्या आजींनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, “माय, जीव घाबरी ऱ्हायना,” म्हणजे अहिराणीत ‘जीव घाबरतोय’. मी त्यांचा हात धरला, पाणी दिलं, “काही नाही होत आजी, झोपा” म्हटलं आणि टेबलावर येऊन नोंद केली: रुग्ण घाबरलेली आहे, धीर दिला. अर्ध्या तासाने राउंडवर आलेल्या स्टाफ सिस्टरांचा हात सहज त्यांच्या कपाळाला लागला. कपाळ घामाने थबथबलेलं होतं. ग्लुकोमीटरवर साखर ४६ आली. आजी इन्सुलिनवर होत्या आणि रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली होती.

वेळेत साखर दिली गेली आणि सकाळी आजी चहा पीत बसल्या होत्या. माझी नोंद मात्र फाइलवर तशीच राहिली. आजींनी मला लक्षण सांगितलं होतं आणि मी ते भावना म्हणून लिहून टाकलं. खानदेशात ‘जीव घाबरणं’ म्हणजे छातीत धडधड असू शकते, मळमळ, दम, घाम, साखर उतरणं, किंवा खरोखरची भीतीसुद्धा. यातलं नेमकं काय, हे मी विचारलंच नव्हतं.

आता शिकवताना पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या वह्या तपासते तेव्हा हीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. रुग्ण अहिराणीत बोलतो, आपण मनात त्याचं प्रमाण मराठी करतो आणि फाइलवर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य लिहितो. या दोन उड्यांमध्ये रुग्ण कुठेतरी गळून पडतो. तो गळू नये म्हणून काय करायचं, ते मी पायरीपायरीने सांगते. वॉर्डात नोंदी बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होतात, तरी इथले नमुने मराठीतच देते आहे. मराठीत नोंद स्वच्छ जमली की तिचं इंग्रजी करणं अवघड नसतं. मराठीतच ती धूसर असेल तर कितीही चांगलं इंग्रजी तिला वाचवू शकत नाही.

पहिली पायरी: पेन उघडण्याआधी बेडपाशी जा

आधीच्या पाळीची नोंद समोर ठेवून तिच्यावरूनच पुढची लिहायची सवय फार लवकर लागते. ती लागूच देऊ नका. पाळी घेतल्यावर आपल्या वाट्याच्या प्रत्येक रुग्णापाशी जा आणि डोक्यापासून पायापर्यंत एका ठरावीक क्रमाने पाहा: शुद्ध, चेहरा, श्वास, सलाईनची जागा, ड्रेसिंग, पोट, लघवीची पिशवी, पाय, टाचा. क्रम कुठलाही चालेल, पण रोज एकच ठेवा, म्हणजे घाईतही काही सुटत नाही.

खिशात चार घड्या घातलेला कागद ठेवा. त्यावर फक्त बेड नंबर, वेळ आणि आकडा लिहा, नाव लिहू नका. पाळी संपली की तो कागद वॉर्डातच फाडून टाका. असे कागद बसमध्ये सापडलेले मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी: पान कोणाचं ते आधी बघा

खानदेशातल्या वॉर्डात एका वेळी तीन पाटील, दोन महाजन आणि एक चौधरी असणं नेहमीचंच आहे. नंदुरबारकडे पावरा आणि वसावे. नाव आणि वडिलांचं नावही जुळतं असे रुग्ण शेजारच्या बेडवर आलेले मी अनुभवले आहेत. म्हणून प्रत्येक नव्या पानावर पूर्ण नाव, वय, आंतररुग्ण क्रमांक आणि बेड असं चारही लिहायचं. बेड नंबरवर एकट्यावर भरवसा नको, दुपारी रुग्ण हलवला की तो बदलतो. नाव विचारताना “तुम्हीच ना पाटील बाबा?” असं विचारलं तर बाबा मान डोलावतात, कमी ऐकू येत असेल तर हमखास डोलावतात. “बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारा.

तिसरी पायरी: वेळ घटनेची लिहा

चोवीस तासांचं घड्याळ वापरा. ‘१२ वाजता’ म्हणजे दुपारी की मध्यरात्री, हा वाद ००:०० आणि १२:०० लिहिल्यावर मिटतो. लिहायची ती वेळ गोष्ट घडली तेव्हाची. नुसती तुम्हाला लिहायला फुरसत मिळाली तेव्हाची पुरत नाही. १४:१० ला उलटी झाली आणि १५:०० ला लिहायला बसलात, तर नोंद १५:०० ची करा आणि आत ‘१४:१० वाजता उलटी झाली’ असं म्हणा.

औषध द्यायच्या आधी ‘दिलं’ असं लिहून ठेवायचं नाही, कितीही गर्दी असो. इंजेक्शन भरलं, नोंद केली आणि तेवढ्यात रुग्ण एक्स-रेला गेला, तर पुढच्या पाळीला ते इंजेक्शन दिलेलंच दिसतं.

चौथी पायरी: डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने ठरवलेलं वेगळं ठेवा

या पायरीवर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. वहीच्या मागच्या पानावर काही शब्द लिहून घ्या आणि ते नोंदीत आले की स्वतःच खोडा: ठीक, बरा, आरामात, भरपूर, थोडं, नॉर्मल, अस्वस्थ, सहकार्य करत नाही.

‘रात्री आरामात झोपला’ याऐवजी ‘२३:०० ते ०५:०० दर तासाला पाहिलं, डोळे मिटलेले, श्वसन १६ ते १८, हाक मारल्यावर उत्तर देतो’ असं लिहा. ‘ड्रेसिंगला रक्तस्राव थोडा’ म्हणजे किती? ‘ड्रेसिंगवर ३ सेमी रुंद लाल डाग, कडेला पेनाने रेघ मारली, १६:००’ असं लिहिलं की १८:०० ला येणाऱ्या मुलीला डाग वाढला का ते सांगता येतं. ‘गुंगीत आहे’ हा शब्द तर प्रत्येकाच्या मनात वेगळं चित्र उभं करतो. त्यासाठीच १९७४ साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी मोजपट्टी मांडली. ती आज अशी वापरतात: डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. ती वापरताना नुसतं ‘११’ लिहू नका, तिन्ही आकडे वेगळे लिहा. एकूण ११ अनेक प्रकारे होतात आणि डॉक्टरांना त्यातला कुठला आकडा घसरला ते हवं असतं.

‘सहकार्य करत नाही’ हा शेरा मला विशेष खटकतो. रुग्णाने काय केलं ते लिहा: ‘०९:०० ची गोळी घेतली नाही. कारण विचारलं असता, “काल गोळी घेतल्यावर उलटी झाली” असं सांगितलं.’ पहिल्या नोंदीने रुग्णावर शिक्का बसतो. दुसरी वाचून डॉक्टर औषध बदलतात.

सातपुड्याच्या पट्ट्यातून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे तरुण रुग्ण वारंवार दुखण्याने दाखल होतात. त्यांच्या फाइलवर ‘सारखं इंजेक्शन मागतो’ असं मी वाचलं आहे. एकदा हे लिहिलं गेलं की पुढच्या वेळी त्या मुलाच्या खऱ्या कळांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. लिहायचं ते असं: दुखतं कुठे, शून्य ते दहामध्ये किती, औषध कधी दिलं, आणि औषधानंतर पुन्हा किती. शिरेतून दिलं असेल तर साधारण अर्ध्या तासाने आणि तोंडावाटे दिलं असेल तर तासाभराने पुन्हा विचारा. तो दुसरा आकडा नसेल तर पहिल्या आकड्याचा उपयोग अर्धाच राहतो.

पाचवी पायरी: रुग्णाचा शब्द आधी, अर्थ मागून

मुख्य तक्रार रुग्णाच्या तोंडच्या शब्दांत अवतरणात लिहा. अहिराणीत बोलला तर अहिराणीत, देवनागरीतच लिहा. त्यापुढे विचारून खात्री केलेला अर्थ. “छातीवर कोनी बशेल शे आसं वाटस” हे वाक्य फाइलवर जसंच्या तसं आलं की वाचणारा डॉक्टर ईसीजीकडे धावतो. ‘छातीत दुखते’ एवढं वाचून तो तसा धावेलच असं नाही.

आपल्याकडचे काही शब्द विचारल्याशिवाय कधीच लिहू नका. ‘जीव घाबरणं’ सांगितलंच. तो ऐकला की धडधड, घाम, मळमळ आणि दम या चार गोष्टी विचारा, नाडी आणि ऑक्सिजन पाहा, आणि मधुमेही असेल तर लगेच साखर. ती ७० च्या खाली आली तर आधी स्टाफला हाक मारा, लिहिणं मागून. ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं की लाल? लाल असेल तर किती पॅड, किती भिजलेले, गाठी पडतात का? ‘ढाळ’ लागले म्हटलं तर किती वेळा, पाण्यासारखे की आव-रक्ताचे? ‘हात जड पडी गया’ ऐकलं तर मुंग्या येतात, दुखतो, की उचलताच येत नाही? शेवटचं उत्तर मिळालं तर हे कधी सुरू झालं ती वेळ मिनिटापर्यंत विचारा. लकव्याच्या उपचारात सगळा हिशेब त्या वेळेवर चालतो. झोपेतून उठल्यावर कळलं असेल तर रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ते लिहा.

माझे बरेच विद्यार्थी अहिराणी बोलणाऱ्या घरांतले असतात आणि वॉर्डात आल्यावर मुद्दाम प्रमाण मराठीत बोलतात. त्यांना मी सांगते, “कोठे दुखस?” असं विचारून बघा. धुळ्याच्या खेड्यातली आजी लगेच मोकळी होते आणि नोंदीत लिहायला दहा गोष्टी जास्त मिळतात. रावेर-यावलकडची लेवा बोली येत असेल तर तीही वापरा. अक्राणी, अक्कलकुव्याकडून आलेला रुग्ण पावरी किंवा भिली बोलत असेल आणि तुम्हाला ती येत नसेल, तर दुभाषा कोण होता हे नोंदीत आलंच पाहिजे: ‘सोबत आलेल्या आशाताईंनी सांगितलेल्या अर्थानुसार.’ नवऱ्यासमोर बायको सगळं सांगत नाही. म्हणून नवराच दुभाषा असेल तर तेही लिहा आणि नंतर तिला एकटीला विचारायची सोय बघा.

सहावी पायरी: नोंदीला सांगाडा द्या

अमेरिकेतल्या लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात रुग्णाच्या अडचणींभोवती फाइल बांधायची पद्धत आणली. रुग्ण काय म्हणतो, आपण काय पाहिलं, त्यावरून काय वाटतं आणि काय करायचं ठरलं, हा तिचा क्रम. तो सोप (SOAP) म्हणून तुम्हाला शिकवला जातो. परिचारिकेच्या रोजच्या कामाला मला डार (DAR) ही तीन टप्प्यांची रचना जास्त सोयीची वाटते: माहिती, कृती, प्रतिसाद. काय दिसलं, मी काय केलं, मग काय झालं. विद्यार्थी पहिले दोन टप्पे नीट लिहितात आणि तिसरा विसरतात. ‘ताप १०२.४, कोमट पाण्याने अंग पुसलं, पॅरासिटामॉल दिलं’ आणि तिथेच पूर्णविराम. तासाभराने ताप किती होता? ती ओळ लिहायची राहिली की नोंद अर्धवट राहिली.

एक नोंद जवळून पाहू

कापूस वेचणीचे दिवस. चौतिशीतला शेतकरी, संध्याकाळी सर्पदंशाने दाखल. एका विद्यार्थ्याच्या नोंदीसारखी ही नोंद बघा:

‘साप चावल्याने दाखल. घोणस असावा. रुग्णाची स्थिती बरी. पायाला सूज आहे. सलाईन चालू. डॉक्टरांना कळवले.’

हे वाचून रात्रीच्या सिस्टरांना काही करता येईल का? आता हीच नोंद अशी लिहू:

‘१८:४० — सर्पदंशाच्या तक्रारीने दाखल. रुग्णाच्या म्हणण्यानुसार दंश साधारण १६:३० वाजता, कापूस वेचताना, उजव्या घोट्याजवळ. साप नीट दिसला नाही. नाव, गाव, वार बरोबर सांगतो. नाडी १०४, रक्तदाब ११०/७०, श्वसन २०, ऑक्सिजन ९८ टक्के, काखेतलं तापमान ९८.४ फॅरनहाइट. उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दोन व्रण. सूज घोट्यापासून वर ८ सेमी, कडेला पेनाने रेघ व वेळ लिहिली. गुडघ्याखाली सुती दोरी बांधलेली आढळली, तशीच ठेवून ड्युटी डॉक्टरांना दाखवली. दुखणं १० पैकी ६. पापण्या पूर्ण उघडतात. एका श्वासात ३० पर्यंत आकडे मोजतो. हिरड्यांतून रक्त नाही.

१८:५० — डॉक्टरांच्या आदेशाने २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी न हलवता ठेवली. १९:१० ला तिरकी करून पाहिली, रक्त गोठलेलं नाही. १९:१२ ला डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगितलं.

१९:२५ — लेखी आदेशानुसार एएसव्ही (सर्पविषावरची लस) १० व्हायल सलाईनमधून स्टाफ सिस्टरांनी सुरू केली. बॅच क्रमांक औषधपत्रकावर. पहिली १५ मिनिटं शेजारी थांबून पाहिलं: पुरळ, खाज, थंडी नाही. १९:४० ला रक्तदाब ११०/६८.

२०:२५ — एएसव्ही पूर्ण. सूज रेघेच्या वर २ सेमी. पापण्या व श्वासातली मोजणी पूर्वीसारखी. २१:१० ला लघवी २५० मिली, गडद पिवळी, लालसर नाही. पुढची रक्त गोठण्याची चाचणी डॉक्टरांनी ०२:२५ ला सांगितली आहे, रात्रपाळीला तोंडीही सांगितलं.’

यातली प्रत्येक गोष्ट का लिहिली ते बघा. पेनाची रेघ ही पुढच्या माणसासाठी मोजपट्टी आहे, तिच्यामुळे ‘सूज वाढली’ या वाक्याला आकडा मिळतो. पापण्या आणि एका श्वासातली मोजणी लिहिली, कारण नाग किंवा मण्यारच्या विषाने स्नायू शिथिल होऊ लागले की पापण्या लवकर जड होतात. मोजणी ३० वरून १५ वर आली तर रुग्ण नुसता पाहून तो ठीक वाटत असतानाच सावध होता येतं. दोरी तशीच ठेवली हे लिहिलं, कारण करकचून बांधलेली दोरी एकदम सोडली तर रुग्णाची प्रकृती झपाट्याने बिघडू शकते. ती कधी आणि कोणासमोर सोडायची ते डॉक्टर ठरवतात. लघवीचा रंग आणि माप लिहिलं, कारण घोणसाच्या विषाने मूत्रपिंडाला इजा होते.

आणि ‘घोणस असावा’ काढून टाकलं. कोणी पाहिलाच नसेल तर अंदाज लिहू नये, एकदा लिहिलेला अंदाज पुढच्या चार पानांवर खरा म्हणून उतरतो. आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे त्या अंदाजाने उपचारात काही भर पडत नव्हती. नातेवाइकांनी मोबाइलवर सापाचा फोटो आणला असेल तर ‘फोटो डॉक्टरांना दाखवला’ एवढं लिहा.

सातवी पायरी: औषधांचे आकडे

जीव जाण्याइतकी चूक एका टिंबाने होऊ शकते. दशांशानंतर नुसतं शून्य लिहू नका: १.० घाईत १० वाचलं जातं. एकाहून कमी मात्रा असेल तर टिंबाआधी शून्य हवंच: ०.५ लिहा, नाहीतर टिंब पुसट झालं की ५ उरतात. इन्सुलिनपुढे ‘युनिट’ हा पूर्ण शब्द लिहा. इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखं उमटतं आणि ४ चे ४० होतात. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही ताकदीत मिळतं. लाल टोपीची सिरिंज ४० वाल्याची, केशरी टोपीची १०० वाल्याची. व्हायल आणि सिरिंज जुळवून पाहिली हे करा आणि नोंदीत लिहा. क्यूडी म्हणजे दिवसातून एकदा आणि क्यूआयडी म्हणजे चारदा, मध्ये एका अक्षराचा फरक. म्हणून ‘दिवसातून एकदा’ असं पूर्ण लिहिलेलं बरं.

औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, जागा, वेळ, देणाऱ्याची सही. जागा म्हणजे ‘डावा दंड’, ‘उजवी मांडी’. औषध दिलं नसेल तर मोकळी जागा सोडू नका, का दिलं नाही ते लिहा. सलाईनचा वेग थेंबांत लिहिताना सेट कुठला ते पाहा. २० थेंब प्रति मिलीच्या सेटवर ५०० मिली ४ तासांत द्यायचे असतील तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडतात. ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर हाच आकडा १२५ होतो.

आठवी पायरी: डॉक्टरांना काय सांगितलं

‘डॉक्टरांना कळवले’ हे वाक्य एकटं लिहू नका. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, फोनवर की प्रत्यक्ष, काय सांगितलं, ते काय म्हणाले, हे सगळं त्यात हवं. सांगतानाही क्रम ठेवा: आत्ता काय झालं, रुग्ण कशासाठी दाखल आहे, मला काय दिसतं, मला काय हवं. उदाहरणार्थ: ‘सर, बेड ७, सिझेरियनचा आज दुसरा दिवस. नाडी १०० वरून १२८ झाली आहे, रक्तदाब ९०/६०, एका तासात दोन पॅड पूर्ण भिजले. तुम्ही लगेच येऊन पाहावं.’ विद्यार्थी म्हणून फोनवरचा औषधाचा आदेश तुम्ही घेऊ नका. फोन स्टाफ सिस्टरांच्या हातात द्या. त्या आदेश परत वाचून खात्री करतात आणि लिहितात, तेव्हा शेजारी उभं राहून ते ऐका.

डॉक्टर आले नाहीत तर किती वाजता पुन्हा फोन केला तेही लिहायचं, फक्त तक्रारीच्या सुरात नको. ‘०१:१० ला फोन केला. ०१:३० ला पुन्हा केला. ०१:३५ ला इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं.’ एवढं पुरे.

पोटात गेलेलं आणि बाहेर आलेलं

इनटेक-आउटपुट चार्टवर ‘पाणी २ ग्लास’ लिहिलेलं असतं. घरून आणलेला स्टीलचा ग्लास दीडशे मिलीचाही असतो आणि तीनशेचाही. पाळी सुरू होताच रुग्णाचा ग्लास, वाटी, चहाचा कप मापाच्या भांड्याने एकदा मोजा आणि आकडा चार्टच्या कोपऱ्यात लिहा. बाटलीवर पट्टी चिकटवून पाण्याची पातळी आणि वेळ खूण करा. रात्री सोबत बसलेल्या सुनेला किंवा मुलाला समजावून सांगा, बहुतेक वेळा तेच पाजतात. मावशींनाही सांगा की बेडपॅन मोजल्याशिवाय रिकामं करू नका. लघवी आणि शौच एकत्र झालं तर मापाचा अंदाज ठोकू नका, ‘एकत्र, मोजता आली नाही’ असं लिहा.

मोठ्या माणसाची लघवी ताशी, वजनाच्या दर किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी होऊ लागली तर सांगायला हवं. ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिली. हा हिशेब प्रत्येक रुग्णासाठी पाळीच्या सुरुवातीलाच करून ठेवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि उष्माघाताचे रुग्ण येतात, तेव्हा हा चार्ट आणि तापमानाची नोंद एकमेकांशेजारी ठेवून वाचा. तापमान काखेतलं की गुदद्वारातलं ते लिहायला विसरू नका, दोन्हींत फरक असतो.

चूक झाली तर

व्हाइटनर, खरडणं, पान फाडणं यांतलं काहीही करू नका. चुकलेल्या शब्दांवर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी ‘चुकीची नोंद’, तारीख, वेळ, सही, आणि पुढे बरोबर ते. विसरलेली गोष्ट नंतर आठवली तर दोन ओळींच्या मध्ये घुसवू नका. सध्याच्या वेळेला ‘उशिरा नोंद’ म्हणून लिहा आणि घटना कधीची ते सांगा. ओळ अर्धी मोकळी राहिली तर रेघ मारून बंद करा. तुम्ही स्वतः केलं नाही ते तुमच्या सहीने लिहू नका, मैत्रिणीने कितीही गयावया केली तरी.

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रं ३ वर्षं जपून ठेवावी लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. तुमचं अक्षर रुग्ण आणि त्याचं कुटुंब वाचू शकतं, हे लक्षात ठेवून लिहा. मारहाण, विषप्राशन, जळणं, अपघात अशा पोलीस केसमध्ये ‘नवऱ्याने जाळलं’ किंवा ‘स्वतः विष घेतलं’ असा निर्णय आपण द्यायचा नाही. रुग्ण काय म्हणाला, कोणासमोर म्हणाला, किती वाजता म्हणाला, ते अवतरणात लिहायचं. फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाचे रुग्ण येतात. अंगावरचे कपडे, सोबत आणलेली बाटली आणि ती कोणाकडे दिली याची नोंद ठेवा. चार्टचा फोटो मोबाइलमध्ये नको, अभ्यासाच्या ग्रुपवरही नको.

रोजचा सराव

पाळी संपल्यावर घरी किंवा होस्टेलवर दहा मिनिटं काढा. त्या दिवशी लिहिलेली एक नोंद नाव-गाव न सांगता मैत्रिणीला तोंडी सांगा आणि तिला तीन प्रश्न विचारा: या रुग्णाला नेमकं काय झालंय, आत्ता रात्रीच्या दोनला तू त्याच्यापाशी जाऊन काय बघशील, आणि कुठला आकडा आला तर डॉक्टरांना उठवशील? ती जिथे अडखळेल तिथे तुमच्या नोंदीत भोक आहे. दुसऱ्या दिवशी तेवढीच जागा नीट लिहा. आठवड्यातून एकदा ‘ठीक’ आणि ‘आरामात’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात मुलं हे मोजताना हसतात, तिसऱ्या महिन्यात मोजायला काही उरत नाही.

आणि रोज निघण्याआधी विद्यार्थी म्हणून तुमच्या सहीखाली वर्ष आणि कोर्स लिहा, स्टाफ सिस्टर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडून नोंद वाचून घ्या आणि त्यांची सही घ्या. त्या घाईत न वाचता सही करू लागल्या तर “मॅडम, बेड ७ ची ओळ एकदा बघा” असं म्हणून बोट ठेवून दाखवा.